पाठीतली सुई

आम्रपाली धर्मापुरीच्या दूध सोसायटीत फॅट मोजायच्या कामाला होती. सोळा सालच्या दुष्काळी उन्हाळ्यात मोजायला दूधच उरलं नव्हतं. जनावरं चारा छावणीत गेली होती आणि सकाळी रांगेत जेमतेम पाच-सहा किटल्या यायच्या. तिचा नवरा भारतही छावणीतच राबत होता. तिला नववा महिना लागला होता.

तिच्या रक्ताचं दुखणं जुनंच. चौदाव्या वर्षी दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं. पुढं तपासणीत कळलं, रक्त गोठवणारा एक घटक तिच्यात कमी आहे. तिची आई सारजाबाई तर आम्रपालीच्या वेळी रक्त जाऊन मरता मरता वाचलेली. तरी आम्रपालीला मरणापेक्षा कळांचीच धास्ती जास्त होती. थोरल्या जावेचा आक्रोश तिनं भिंतीपलीकडून ऐकला होता.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात भुलीच्या डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून समजावलं.

"पाठीत बारीक नळी घालून औषध देता येतं. कळा सोसण्याजोग्या होतात. पण तुझ्या बाबतीत आत रक्त साठलं तर नसांवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. तुझ्या रक्तातल्या त्या घटकाचा आकडा पन्नासच्या वर असेल, तरच मी सुई घालीन."

"माझा अठ्ठावीस होता, मॅडम."

"पोटुशी असताना बऱ्याच जणींचा वाढतो. नाही वाढला तर शिरेतून औषध देऊ. आराम थोडा कमी पडेल, पण पाठीचा धोका नाही."

रक्त तपासायला पुण्याला गेलं. अहवालाला आठ दिवस लागणार होते. तेवढ्यात सारजाबाई चकलांब्याहून लेकीला भेटायला आली आणि पाठीतल्या सुईचं ऐकूनच हबकली.

"पाठीला हात लावू देऊ नगंस, बाई. बायका सोसतेतच की."

चुलीपाशी भाकरी थापणारी आम्रपालीची सासू भिवराबाई थांबली. भारतचा जन्म ऊसतोडीला गेल्यावर पाचटाच्या कोपीत झालेला.

"मी बी सोसलं, इहीणबाई," ती म्हणाली. "पर मला कुणी इचारलंच न्हाई. हिला डाक्टरीण इचारती हाय. तर हिनंच सांगावं."

आठव्या दिवशी अहवाल आला. ब्याण्णव.

आम्रपालीनं कागद दोनदा वाचला. मग डॉक्टरबाईंना विचारलं, "आणि बाळंत झाल्यावर?"

"झपाट्यानं खाली येतो. म्हणून नळी लगेच काढायची आणि रक्त थांबवायचं औषध दहा-बारा दिवस चालू ठेवायचं. मांडीत, दंडात कुठलंही इंजेक्शन नाही. तसं मी कागदावर लिहिते. आता तू सांग."

"घेते," आम्रपाली म्हणाली.

पंधरवड्यानं पहाटे पाणी गेलं. भारतनं छावणीवरची जीप आणली, भिवराबाईही बरोबर निघाली. सूर्य माथ्यावर येईपर्यंत कळांनी तिचा जीव नकोसा केला. डॉक्टरबाईंनी तिला पाठ वाकवून बसवलं. "हलू नकोस," त्या म्हणाल्या. गार बोळा फिरला, टोचलं, कंबरेत दाब आला. पाव तासानं कळ आली ती नुसती पोट आवळल्यासारखी. आम्रपाली घाबरली. औषधानं की आत साठलेल्या रक्तानं, पाय जडच झाले होते.

"आत्या, माझे अंगठे हलतेत का बघा."

भिवराबाई पायथ्याशी वाकली. "हालतेत गं, दोनी हालतेत."

मग आम्रपालीला चक्क डुलकी लागली.

चारच्या सुमाराला मुलगी झाली. डॉक्टरबाईंनी लगेच नळी काढली, शिरेतून औषध दिलं. नर्सबाई दर पंधरा मिनिटांनी येऊन रक्त बघत होत्या. "चारचौघींसारखंच जातंय," त्या म्हणाल्या. दिवे लागायच्या वेळेला पायांत मुंग्या आल्या, मग पूर्ण जाणीव परतली. भिवराबाईच्या खांद्याला धरून आम्रपाली मोरीपर्यंत चालत गेली.

सारजाबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आली. तिनं नातीकडं आधी पाहिलंच नाही. लेकीचं पांघरूण उचललं, चादर पाहिली, हात फिरवून पाहिला. चादर कोरडी होती. ती तिथंच फरशीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

"आई, लई भूक लागलीय मला," आम्रपाली म्हणाली.

सारजाबाईनं डोळे पुसले आणि पिशवीतून शिऱ्याचा डबा काढला.