चार बोटांचा आमदार

मित्रांनो, मी आमच्या आमदारसाहेबांचा एक जुना कटआउट आहे आणि शेवटची निवडणूक आम्ही हरलो.

आता हे वाक्य मी बोललोच नाही असं समजा. आमच्या घरात तशीच पद्धत आहे. निकाल लागून बराच काळ लोटला, तरी साहेब रोज सकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून तळमजल्यावरच्या कार्यालयात जाऊन बसतात. बाहेर कोणी थांबलंय का, असं विचारतात. वहिनी सांगतात, "आत्ताच गेले." वहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. सगळे कार्यकर्ते त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. कार्यकर्ते आता येत नाहीत. मी येण्याजाण्यातला नाही, म्हणून राहिलो.

तेव्हा आपण हरलेलो नाही. सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात, कपाट करून उरलेल्या प्लायवूडमधून झाला. माझ्या डाव्या गुडघ्यात अजून कुलपाचं भोक आहे. मला उजवा हात उंचावून जनतेला अभिवादन करायचं होतं. पण हातापर्यंत येता येता प्लायवूड संपलं. चार बोटं झाली, अंगठा राहिला. सुतार हळहळला. पेंटरकाका म्हणाले, काही होत नाही, अंगठा आत मुडपलाय असं समजतील लोक.

रंगवताना दुसरीच अडचण आली. उमेदवार प्रचारात, त्यांना समोर उभं राहायला वेळ नाही. मिळाला तो ओळखपत्राचा फोटो, आणि तसल्या फोटोत कोणी हसत नाही. शेवटी पेंटरकाका घरी गेले आणि विचारलं, साहेब हसतात कसे? वहिनी मुलीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "डावीकडून सुरू होतं. डोळ्यांपर्यंत पोचायला जरा उशीर लागतो, पण पोचतं."

पेंटरकाकांनी अगदी तसंच काढलं. माझ्या अंगावर खरं असं काही असेल तर तेवढंच आहे.

पहिली निवडणूक आम्ही अपक्ष लढलो. विरोधकाने भरसभेत माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ज्यांना स्वतःचा अंगठा सांभाळता आला नाही, ते मतदारसंघ काय सांभाळणार? सभा पोट धरून हसली. आमच्यातले दोघे माझा हातच कापून टाकायचा म्हणून करवत शोधायला निघाले. पण दुसऱ्या दिवशी साहेब व्यासपीठावर चढले आणि अंगठा आत मुडपून, चार बोटांनी हात हलवला. लोक आधी हसले. मग त्यांनीही अंगठे मुडपले. आम्ही थोडक्यात निवडून आलो.

त्यानंतर मतदारसंघात पाच बोटांनी हात हलवणं म्हणजे उघड विरोध ठरला. एका गृहस्थाचा अंगठा दारात चेमटून बँडेजमध्ये होता. त्याची निष्ठा पाहून त्याला शाखाप्रमुख करण्यात आलं. जखम बरी झाल्यावरही त्याने बँडेज सोडलं नाही.

दुसऱ्या निवडणुकीत एका पक्षाने आम्हाला घेतलं आणि माझ्या गळ्यात त्यांच्या रंगाचा पट्टा आला. तिसऱ्या वेळी पक्ष बदलला. साहेब म्हणाले, विचार तेच आहेत. पेंटरकाका म्हणाले, विचार तेच आहेत, फक्त रंगाचे दोन हात द्यावे लागतील. चौथ्या वेळी आम्ही पहिल्या पक्षात परतलो. तेव्हा नवा रंग लागलाच नाही. पॉलिश पेपरने वरचा थर घासला, तर आतली जुनी निष्ठा तशीच निघाली. त्या वर्षी आम्ही प्रचंड मतांनी जिंकलो.

मित्रांनो, याच काळात माझं खूप कौतुक झालं. साहेब कधी अधिवेशनात, कधी दौऱ्यावर, त्यामुळे कार्यक्रमांना मला पाठवू लागले. एका छोट्या पुलाच्या उद्घाटनाला माझ्या चार बोटांना सुतळीने कात्री बांधली. फीत वाऱ्याने तुटली आणि टाळ्या मला मिळाल्या. एका संस्थेने तर भाषण थोडक्यात आटोपल्याबद्दल माझे जाहीर आभार मानले.

एरवी माझी जागा घरात, फ्रिजशेजारी. गॅरेजमध्ये ओल लागते म्हणून वहिनींनीच मला आत घेतलं होतं. "नाहीतरी हाच जास्त घरी असतो," असं त्या म्हणाल्या आणि पोळपाट घ्यायला वळल्या.

मुलगी माझ्यासमोर मोठी झाली. लहान असताना तिला वाटायचं, बाबा म्हणजे मी, आणि मोटारींच्या रांगेतून अधूनमधून उतरतात ते पाहुणे. पुढे तिला फरक कळला, पण सवय गेली नाही. त्यांच्याशी ती अदबीने बोलायची, मला अरे-तुरे करायची. शाळेत कोण बोलत नाही, कोणत्या विषयात गाडी अडलीय, कोणाचा राग आलाय, सगळं फ्रिजचं दार उघडता उघडता मला सांगायची. एकदा तिने माझ्या गुडघ्यातल्या भोकात चिठ्ठीही घालून पाहिली. ती पलीकडून खाली पडली.

शिक्षण झाल्यावर तिला लांबच्या शहरात नोकरी मिळाली. साहेब अधिवेशनात होते. ती बॅग घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊ ना?"

माझा हात वरच होता. तिने तो निरोप समजला.

आठवड्याने साहेब घरी आले आणि मुलगी कुठे आहे, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला विचारूनच गेली." साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हसत होतो. मला दुसरं काही येत नाही.

पाचव्या निवडणुकीत समोरच्या उमेदवाराकडे कटआउट नव्हता. तो स्वतः येत होता.

त्याबद्दल मी अधिक बोलणार नाही, कारण ते झालेलंच नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर साहेब दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसू लागले. मुलीला फोन लावायचे. "बोला, काय काम होतं?" असं म्हणायचे, मग फोन आपणच केलाय हे लक्षात यायचं. ती म्हणायची, काही काम नाही. काम नसेल तर पुढे काय बोलतात, हे त्यांना चार निवडणुका जिंकूनही माहीत नव्हतं. फोन ठेवून ते मुडपलेला अंगठा दुसऱ्या हाताने सरळ करत बसायचे. तो आता आपसूक सुटत नसे.

एकदा त्यांनी वहिनींना विचारलं, "ती काय बोलते गं? म्हणजे एरवी?"

"मला काय माहीत," वहिनी म्हणाल्या. "ती सगळं त्यालाच सांगते." आणि लाटणं माझ्याकडे केलं.

मग ती रविवारी येणार असल्याचं कळलं. साहेबांनी सकाळपासून दोन सदरे बदलले. कार्यालयाची घंटा दाबून पाहिली, वाजते की नाही ते. ती आली, चपला काढल्या, बॅग ठेवली आणि नेहमीसारखी फ्रिजपाशी आली. पाण्याची बाटली काढली. माझ्या खांद्यावरची धूळ बोटाने पुसली आणि हळूच म्हणाली, "हरलास ना? कळलं मला. फार वाईट वाटलं रे. आता तरी बस जरा."

या घरात ते वाक्य पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने बोललं होतं. साहेब मागे दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

ते सावकाश पुढे आले आणि माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. उजवा हात उंचावला. अंगठा मुडपला. हसले. बहुधा त्यांना वाटलं असावं, बोलणं मिळण्याची जागा हीच.

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, हा दुसरा कधी करून घेतला? हसू नाही जमलेलं."

वहिनींनी गॅस बारीक केला. मुलगी थांबून राहिली. ती थट्टा होती, आणि थट्टेला कोणीतरी उत्तर द्यायचं असतं. साहेबांचे ओठ हलले. सभागृहात तासन्‌तास बोललेला माणूस. मला वाटलं, आता.

"काही काम होतं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काही काम नाही." आणि आईला मदत करायला आत गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची काळजी घ्या, ओलीपासून जपा, हे मी सांगणारच होतो. पण मला तसं काही कमी नाही. म्हणून संबंधितांस सविनय कळवतो की, गेल्या अनेक वर्षांत माझ्याकडे बरंच बोलणं अनवधानाने जमा झालं आहे. त्यातल्या एकाही बाबीवर मला कार्यवाही करता आलेली नाही. मूळ इसम हयात असून याच पत्त्यावर, माझ्या उजव्या बाजूला, अद्याप हात वर करून उभे आहेत. सबब सदर बोलणं, त्यासोबतच्या हसण्यासह, त्यांच्याकडे तातडीने वर्ग करण्यात यावं, ही नम्र विनंती.