सड्यावर गेलेल्या सावल्या

"सर, खग्रास ग्रहण लागलं की आपल्या सावल्या कुठे जातात?"

हा प्रश्न विचारायची पैज केतकीला मैत्रिणींनी लावली होती. सुमैया म्हणाली होती, तू कसली विचारतेस, बाकावरून उठतानाच तुझी बोबडी वळते. गेल्या वर्षापर्यंत ते खरंही होतं. पण या जूनपासून केतकी खवणेकरच्या घशात कुणीतरी नवा आवाज बसवून दिला होता आणि तो वापरल्यावाचून तिला चैन पडत नव्हतं. ती उठली, ओढणी सारखी केली आणि अख्ख्या दहावी 'ब'समोर भूगोलाच्या पेडणेकर सरांना तिने खणखणीत विचारलं.

सर हसले नाहीत. फळा पुसता पुसता म्हणाले, "वर सड्यावर जातात. त्यांना तसा मोकळा कातळमाळ लागतो. यंदाच्या तर निघाल्यासुद्धा."

वर्गाने खाली पाहिलं. खिडकीतून ऊन सरळ आत आलं होतं. फरशीवर बाकांच्या सावल्या होत्या, बाकांवर बसलेल्यांच्या नव्हत्या. व्हरांड्यात शिपाईकाका घंटा देत होते. भिंतीवर घंटेची सावली एकटीच टोले खात होती.

परत येतात का, असं सुमैयाने विचारलं. येतात, सर म्हणाले. ग्रहण बघून आलेली सावली वाढून येते, घरात राहिलेली तेवढीच राहते. मग त्यांनी पुढचा धडा काढायला सांगितला.

मधल्या सुट्टीत कॅम्प ठरला. ग्रहणाच्या आदल्या दुपारी निघायचं, सड्यावर तंबू ठोकायचा, सकाळी सूर्य पुरता झाकताना बघायचा आणि उतरताना आपापली सावली पायाला लावून घ्यायची. प्रश्न केतकीने विचारला म्हणून पुढारीपण तिच्याकडे आलं, आणि तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. सुमैयाच्या मामूंचा टेम्पो मिळाला. तो एरवी आंब्याच्या पेट्या वाहायचा, म्हणजे बसायला पेंढा आयता अंथरलेला. तंबू मंडपवाल्याने दिला. काळे चष्मे सर आणणार होते. वेधात खायचं की नाही यावरून वर्गात भांडण जुंपलं, तेव्हा केतकीने निवाडा केला की ज्यांना पाळायचे त्यांनी वेध पाळावेत, बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाठ करून घावणे खावीत. सगळ्यांना ते पटलं. आता तर सडा शाळेच्या मैदानातूनही वेगळा दिसत होता. तव्यावर करपलेल्या घावणासारखा काळा पडत चालला होता, कारण गावोगावच्या सावल्या रोज तिथे येऊन टेकत होत्या.

आपलीही तिथेच असणार, केतकीला वाटलं. अगदी पुढे, चांगली जागा धरून.

घरी आईने मात्र वेध लागायच्या कितीतरी आधीच तुळशीची पानं खुडायला सुरुवात केली होती. पहिलं पान लोणच्याच्या बरणीवर, मग पाण्याच्या हंड्यावर, मग दुधात. पान ठेवलेली वस्तू ग्रहणात बाटत नाही, हे सगळ्यांच्याच घरी माहीत असतं. खवणेकरांकडे ती हलतही नसे. दूध वर येता येता थांबलं आणि पातेल्याच्या काठावर फुगून उभं राहिलं. आईला ते बरं वाटलं. तिने फाटकावर पान ठेवलं, तेव्हापासून फाटक उघडेना. पडवीत ठेवलं, मग पडवीत पाय घालता येईना. एकेक खोली अशी जपून ठेवता ठेवता निघायच्या दुपारी घर म्हणजे स्वयंपाकघर आणि मागचं दार एवढंच उरलं. बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. त्यांच्या गुडघ्यावर पान होतं.

केतकी सॅक पाठीला लावून आत आली आणि थबकली. ओट्याखाली, डब्यांच्या मागे, तिची सावली पडली होती. ओढणीसकट. छातीवर तुळशीचं एक पान.

तिने पान उचलायला हात घातला. ते पाट्याइतकं जड होतं.

"नको ओढू, फाटेल," आई म्हणाली. "ग्रहण सुटलं की मीच काढणार आहे."

केतकी म्हणाली, तोवर उशीर झालेला असेल. सर म्हणालेत, राहिलेली तेवढीच राहते. सगळ्यांच्या वाढून येतील आणि माझी कॉलेजात, नोकरीत, म्हातारपणीसुद्धा दहावीतलीच राहील, लोक काय म्हणतील. हे शेवटचं वाक्य तिने मुद्दाम घातलं, कारण आईला तेच लवकर कळायचं.

आई भांडी पुसत राहिली. तिने आधी सड्यावरच्या वाऱ्याचं सांगितलं, मग फुरसं डसण्याचं, मग पोरींनी ग्रहणात बाहेर फिरू नये याचं. बाबांनी पेपराआडून सांगितलं की ते पूर्णपणे केतकीच्या बाजूने आहेत, फक्त त्यांना उठता येत नाही.

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली. तिचा हात थांबला. "हे बघ बाय, वरून आलेल्या सावलीला मग घर लहान पडतं. ती उंबऱ्यात मावत नाही. आज एका रात्रीसाठी जाशील, मग मुंबई म्हणशील, मग आणखी कुठे. मी काय करू इथे, दूध बघत बसू?"

केतकीने पुन्हा पानाखाली बोटं घातली. पान हललं नाही.

"आणि नाही बघितलं ग्रहण तर काय होतं?" आई पुढे म्हणाली. "मी सातवीत होते तेव्हा लागलं होतं. आमच्या आईने कोंडून ठेवलं आम्हाला. माझं काय अडलं?"

असं म्हणून ती उजेडात आली आणि फरशीवर तिची सावली पडली. दोन वेण्या, वर बांधलेल्या रिबिनी, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक. केतकीने ही सावली जन्मापासून पाहिली होती. आई बाजारातून आली की तिच्या मागून ही पोर पिशवी ओढत यायची. शेजारपाजारचेही पाहायचे, कुणी काही बोलायचं नाही. गावच्या सगळ्या सड्यावर गेल्या तरी ही अजून घरातच होती. आज केतकीने तिच्याकडे नीट पाहिलं. पोरीने चपला घातल्या होत्या. आईने घातल्या नव्हत्या.

बाबांनी पेपर खाली केला. "निर्मला," ते हळूच म्हणाले, "ती तर कधीची तयार दिसतेय."

आईने मान वळवली नाही. तिच्या हातात एक पान होतं. मागची तुळस आता नुसत्या काड्यांची उरली होती, हे शेवटचंच. ती मागच्या दाराकडे निघाली. सावली तिच्याबरोबर वाकली नाही, वळली नाही. ती आधीच दारापाशी पोचली होती आणि कडीला हात पुरतो का ते टाचा उंचावून बघत होती.

गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला. सुमैया ओरडून विचारत होती, येतेस की तुला पण लोणच्यात घातलं.

आई दारापाशी उभी राहिली. पान ठेवायला तिने हात उचलला खरा, पण खाली सावलीच्या रिबिनी वाऱ्याने हलत होत्या, आणि स्वयंपाकघरात वारा नव्हता. आई त्यांच्याकडे बघत राहिली. पान तिच्या बोटांत होतं.

केतकी खाली बसली. तिने त्या पोरीचा हात धरला. हात गार होता, माठाखालच्या वाळूसारखा, आणि त्याने तिची बोटं घट्ट आवळली. केतकीने दुसऱ्या हाताने कडी काढली.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली. "मी सड्यावर चालले. माझी राहू दे इथे तुमच्यापाशी. मी आईची नेतेय."