इंजिनांच्या कप्प्यातली पुस्तकं

"ही नळी कशाला?" हेन्रीकानं विचारलं.

ओइवानं लगेच उत्तर दिलं नाही, कारण नळी त्याच्या तोंडात होती. त्यानं एका दमात फुंकर मारली, नळीच्या डबीवरचा दिवा हिरवा झाला आणि मग कुठे पुस्तकांच्या बसचं इंजिन घुरघुरलं.

"दारू पिऊन कुणी बसलं तर गाडी चालूच होत नाही," तो म्हणाला. "नगरपालिकेनं बसवलंय. सगळ्याच गाड्यांना आहे, काही माझ्या एकट्याच्याच गाडीला नाही."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती, हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण हेन्रीकाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती तीन आठवड्यांपूर्वी ग्रंथालयाची प्रमुख म्हणून हेलसिंकीहून इकडे आली होती. वय चौतीस, काम चोख, आणि मांडीवर याद्यांचा गठ्ठा. प्रत्येक बसबरोबर एकदा स्वतः फिरायचं असं तिनं ठरवलं होतं, आणि आज गुरुवार, म्हणजे ओइवाची पाळी.

फेब्रुवारीचा शेवट होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे कमरेएवढे बांध. ओइवा पाच वर्षं ही बस चालवत होता. त्याआधी याच रस्त्यांवरून तो लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. त्या दिवसांबद्दल तो बोलत नसे.

पहिल्या दोन थांब्यांवर हेन्रीकानं कप्पे तपासले. तिसऱ्याच्या वाटेवर ती पुढे येऊन बसली.

"एक विचारू? दारू सोडण्यावरची अकरा पुस्तकं आणि चार सीडी आहेत आपल्याकडे. संगणकात बघितलं तर आरोग्य, तिसरा कप्पा. तिसऱ्या कप्प्यात विणकामाची मासिकं आहेत."

"हं," ओइवा म्हणाला.

"आणि मला ती सापडली कुठे? 'इंजिनांची देखभाल' असं लिहिलेल्या कप्प्यात. तिथे इंजिनाचं एकही पुस्तक नाही!"

"एक आहे. बोटीच्या मोटारीचं. वरच्या बाजूला."

"ओइवा, हे तुम्ही केलंत?"

आता कानावर हात ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यानं मान हलवली.

खरं म्हणजे गोष्ट साधी होती. पूर्वी ही पुस्तकं दारातून शिरल्याबरोबर समोर, ठळक पाटीखाली ठेवलेली असत. दोन वर्षं त्यांच्यावर धूळ बसली. लोक त्या कप्प्याला वळसा घालून जात, जणू तिथे कुत्रं बांधलंय. इकडे थांब्यावर पाच जण चढले तर पाचही एकमेकांना बाळपणापासून ओळखणार. त्यांच्यादेखत त्या पाटीखाली उभं राहायचं, म्हणजे आपली लक्तरं चौकात वाळत घालायची. मग ओइवानं एका रविवारी ती सगळी उचलून इंजिनांच्या कप्प्यात नेली. तिथे या गावांतले पुरुष तासन्‌तास उभे राहिले तरी कुणी भुवई उचलत नाही.

आणि पुस्तकं जायला लागली. नोंद न करता जायची, कारण नोंदीचं यंत्र वाजतं आणि पडद्यावर नाव झळकतं. थांब्यावर पोचल्यावर ओइवा पाच मिनिटं खाली उतरून टायरांना लाथा मारत बसायचा, तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जायचं. दोन-तीन खेपांनी पुस्तक आपलं आपण परत यायचं, कधी कॉफीच्या डागासह, कधी साउनाच्या वाफेनं फुगून. बहात्तर वर्षांच्या लेम्पीबाईंना तर अचानक बर्फावरच्या स्कूटरच्या गिअरबॉक्सबद्दल इतकी ओढ निर्माण झाली, की पुस्तक त्यांच्या मुलासाठीच असणार या काळजीनं ओइवाला दोन रात्री झोप लागली नाही. पण विचारलं त्यानंही नाही. सगळे मूग गिळून होते आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

"दोन वर्षांत नोंद शून्य," हेन्रीका म्हणाली. "नियमानं मे महिन्यात हे सगळं काढून टाकावं लागेल. त्या जागी चित्रकोडी ठेवा अशी मागणी आहे."

"लोक वाचतात ती."

"कोण?"

ओइवानं गिअर बदलला. नावं त्याला पाठ होती. त्यांतलं एकही सांगण्यासारखं नव्हतं.

"मी काही दुष्ट नाही," हेन्रीका जरा हळू आवाजात म्हणाली. "पण विचार करा. एखाद्याला खरंच सुटायचंय, त्यानं धीर करून घरी संगणकावर शोधलं, आणि इथे आला तर तिसऱ्या कप्प्यात लोकरीचे मोजे! त्यानं शोधायचं कुठे? मी पाटी करून आणलीय. आज लावू. मेपर्यंत नोंदी झाल्या तर पुस्तकं राहतील."

तिचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ओइवाला काळजी मे महिन्याची नव्हती. काळजी होती ती आज दुपारी दोन वाजता काय होणार, याची.

दोन वाजता कोर्पिलाहदेचा थांबा होता, आणि तिथे ताउनो येणार होता.

ताउनो केम्पाइनेन, वय त्रेपन्न. आई गेल्यापासून एकटा. जंगलतोडीच्या यंत्रावरची नोकरी गेली, मग गाडीचा परवाना गेला, आता ट्रॅक्टरवरून शेतातल्या वाटेनं थांब्यावर येतो. गेल्या तीन खेपा तो त्या कप्प्यापाशी उभा राहिला होता. एका सीडीच्या कडेवर बोट ठेवायचा आणि मासेमारीचं मासिक घेऊन उतरायचा. ती सीडी कुणा निवृत्त वेल्डरची होती. दारू सोडल्यानंतरचे आपले पहिले शंभर दिवस त्यानं एकेक करून सांगितले होते. उपदेश नाही, संगीत नाही, नुसता एक खरखरीत आवाज. दोन आठवड्यांपूर्वी ताउनोनं विचारलं होतं, "ही कुणीपण नेऊ शकतं का?" ओइवा म्हणाला होता, "कुणीपण." त्यावर ताउनो म्हणाला, "मग पुढच्या खेपेला."

ती पुढची खेप आज होती. असा दिवस कसा असतो हे ओइवाला चांगलं ठाऊक होतं. माणूस महिनोन्‌महिने स्वतःची समजूत घालत त्या दिवसापर्यंत येतो. तो हुकला की चार वर्षं जातात. ओइवाची स्वतःची गेली होती.

"पाटी उद्या लावली तर?" त्यानं विचारलं.

"उद्या का?"

ओइवानं बसचा वेग कमी केला; थांबा आला होता.

कोर्पिलाहदेला बंद पडलेल्या दुकानासमोर लेम्पीबाई आणि दोन म्हातारे थर्मास घेऊन उभेच होते. दार उघडलं.

"अर्धं मिनिट उशीर!" लेम्पीबाई वर चढत म्हणाल्या. "आम्ही म्हटलं, गेला ओइवा. तुझ्या अंत्ययात्रेच्या फुलांना किती जणांनी मिळून पैसे काढायचे ते ठरवत होतो."

"थांबा जरा. उन्हाळ्यात फुलं स्वस्त होतात."

"आणि ही कोण रे? बसमध्ये संसार थाटलास की काय?"

"साहेब आहेत माझ्या. नीट बोल."

"अगं बाई! मग बस ना गं, कॉफी घे."

हेन्रीका हसली, कॉफी नंतर म्हणाली, आणि इंजिनांच्या कप्प्यावरची पाटी काढून तिथे पिवळीधमक पाटी चिकटवली: 'दारूपासून दूर राहण्यासाठी'. अक्षरं रस्त्यावरूनही वाचता आली असती. लेम्पीबाईंचा हात त्याच कप्प्याकडे निघाला होता. तो हवेतल्या हवेत वळला आणि विणकामाच्या मासिकावर जाऊन बसला. दोन्ही म्हातारे एकदम नकाशांच्या पुस्तकात शिरले.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला आणि बसच्या पुढ्यात, अगदी नाकाला नाक लावून उभा राहिला. ताउनोनं पायरीवर बूट झटकले, टोपी काढली. केस ओले करून विंचरलेले होते. दाढी केलेली होती, हनुवटीखाली एक ताजा काप. तो दोन पावलं आत आला आणि त्याला पाटी दिसली.

"या," हेन्रीका म्हणाली. "काही शोधताय?"

"नाही. काही नाही." त्यानं टोपी परत डोक्यावर चढवली. "सहजच. पुढच्या खेपेला बघतो."

ओइवाला एरवी चार माणसांत हवामानाबद्दल बोलायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. त्या क्षणी मात्र तो चालकाच्या जागेवरून उठला, कप्प्यापाशी गेला, हाताला लागलं ते पहिलं पुस्तक उचललं आणि आपलं कार्ड यंत्रावर ठेवलं. यंत्र वाजलं. रिकाम्या चर्चमध्ये डबा पडावा तसं ते वाजलं.

"बाई, हे माझ्या नावावर," तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठाच लागला. "तुम्ही विचारलंत ना, कोण वाचतं म्हणून? मी वाचतो. एकोणीस वर्षं प्यायलो. ट्रक खड्ड्यात घातला, बायको गेली, मुलगी नाताळला फोन करायची तोही बंद झाला. सहा वर्षं झाली थांबून. चालक व्हायच्या आधी याच बसमधून ती वेल्डरची सीडी खिशात घालून नेली होती, नोंद न करता. म्हणजे चोरलीच. आता काय नोंदी करायच्या त्या करा."

हेन्रीकाच्या हातात पाटीचा उरलेला चिकट कागद तसाच राहिला.

"त्यात नवीन काय?" लेम्पीबाई मासिकातून डोकं वर न काढता म्हणाल्या. "तो ट्रक खड्ड्यातून ओढायला माझाच नवरा आला होता. तीन दिवस पाठ धरून बसला होता बिचारा."

"मग इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस?"

"तू कुठे बोललास?"

एक म्हातारा नकाशाआडून खोकल्यासारखं हसला. ओइवाचे कान लाल झाले होते.

ताउनो अजून दारातच होता. त्याचा एक पाय खालच्या पायरीवर होता. त्यानं तो वर घेतला. मग सावकाश कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून ग्रंथालयाचं एक जीर्ण पुठ्ठ्याचं कार्ड.

"हे चालतं का अजून? शाळेतलं आहे."

हेन्रीकानं ते दोन्ही हातांनी घेतलं. "नवीन करून देते. दोन मिनिटं लागतील. नाव?"

नाव सगळ्या बसला ठाऊक होतं. तरी ताउनोनं ते पूर्ण सांगितलं, तिन्ही भाग, बाप्तिस्म्याला ठेवलेल्या मधल्या नावासकट, ताठ उभं राहून. तो पत्ता सांगू लागला तशा लेम्पीबाई शेजारच्या म्हाताऱ्याला लोकरीच्या रंगाबद्दल जोरजोरात काहीतरी समजावू लागल्या. त्या म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात सुई धरली नव्हती, पण तो मन लावून ऐकत होता.

"परत कधी आणायची?" सीडी हातात घेऊन ताउनोनं विचारलं.

"चार आठवड्यांनी," हेन्रीका म्हणाली.

"चार आठवड्यांत होतं?" हा प्रश्न त्यानं ओइवाला विचारला.

"नाही होत," ओइवा म्हणाला. "मी ती सहा महिने दिली नव्हती. तू मागशील तितकी मुदत वाढवून देऊ."

ताउनोनं मान हलवली आणि तो उतरला. ट्रॅक्टरच्या बंदिस्त केबिनमध्ये चढून त्यानं दार लावून घेतलं. इंजिन सुरू झालं, धूर निघाला. पण ट्रॅक्टर जागचा हलला नाही.

दोन वाजून वीस मिनिटं ही निघायची वेळ. ओइवा चालकाच्या जागेवर बसून होता. दोन बावीस झाले. काचेपलीकडे ताउनोची टोपी दिसत होती, थोडी पुढे झुकलेली, स्थिर.

"पुढच्या थांब्यावर शाळेची मुलं वाट बघत असतील," हेन्रीका म्हणाली. "हॉर्न वाजवायचा का?"

"सीडीवरचा पहिला दिवस सतरा मिनिटांचा आहे," ओइवा म्हणाला.

हेन्रीकानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा ट्रॅक्टरकडे. मग तिनं फोन काढून शाळेला उशीर होईल म्हणून कळवलं, अंगातला कोट उतरवला आणि पायरीवर बसून लेम्पीबाईंकडे कॉफी मागितली.