साठावं वाक्य

सहा नंबरच्या खाटेवरून जेवणाचा ट्रे उडाला तो थेट वॉशबेसिनपाशी. भात जमिनीवर, डाळीचं सूप भिंतीवर, आणि खाटेवर शाबान उस्ता तोंड फिरवून पडलेला, जसा काही ट्रे दुसऱ्याच कुणी फेकला.

"बस! खलास!" इक्रा सिस्टर कडाडली. वॉर्डची इन्चार्ज ती, मुलतानची, आणि आवाज असा की शेजारचा वॉर्डही शिस्तीत राही. "प्रिसिला! तुम वो तुर्की सीख रही हो ना? जाओ, पूछो इसको क्या चाहिए."

"सिस्टर, वो घूमने के लिए है," प्रिसिला म्हणाली. "स्टेशन किधर है, होटल किधर है. पेशंट का उसमें कुछ नहीं."

"तो स्टेशन पूछो. कुछ तो बोलो उससे!"

प्रिसिलाने फडकं उचललं आणि सहा नंबरकडे निघाली.

प्रिसिला तुस्कानो, वसईजवळच्या भुईगावची. बत्तिसाव्या वर्षी नर्स म्हणून बहारीनला आली, त्याला बावीस वर्षं झाली. परदेशात राहते म्हणून गावात केवढा मान, पण बाईने बघितलेल्या जागा मोजल्या तर दोन: भुईगाव आणि बहारीन. एक रजा सासूच्या आजारपणात गेली, एक घरावर मजला चढवण्यात, दोन मुलींच्या लग्नांत, आणि उरलेल्या नवऱ्याच्या, एडवर्डच्या गुडघ्यांत. आता डिसेंबरला कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. मग सामान बांधायचं, इथली नईम भागातली खोली सोडायची आणि भुईगावला जाऊन एडवर्डच्या गुडघ्यांना तेल लावत बसायचं. चर्चचा ग्रुप ऑक्टोबरमध्ये नऊ दिवस तुर्कस्तानला निघाला होता. प्रिसिलाने कुणाला न विचारता नाव देऊन टाकलं. नाव दिल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिच्या खोलीतली पार्टनर क्रिस्टल, ऑफिसात कामाला, तिशीतली पोरगी, तीही जाणार होती. तिनेच इंटरनेटवरून 'प्रवाशांसाठी उपयोगी तुर्की वाक्ये' छापून आणली. साठ वाक्यं. प्रिसिलाने प्रत्येकाशेजारी मराठीत उच्चार लिहिला आणि येता-जाता, लिफ्टमध्ये, बसमध्ये, थर्मामीटर लावून थांबल्या थांबल्या ती पुटपुटत राहिली. चाय इस्तियोरुम, मला चहा हवा. खिडकीजवळची जागा द्या. माझी खोली कुठे आहे? ती वाक्यं म्हणताना तिला काहीतरी विलक्षण वाटायचं, पण काय ते कळत नव्हतं. एक दिवस इंजेक्शन भरता भरता कळलं. अगंबाई, ही सगळी मागण्याची वाक्यं! बावीस वर्षं तिची जीभ 'आले, आले', 'एक मिनिट हां', 'यस डॉक्टर' एवढंच बोलत होती. ह्या साठ वाक्यांत ती मागणार होती आणि दुसरं कुणीतरी आणून देणार होतं. बोटीवर बसायचं, छोट्या ग्लासातला चहा मागवायचा, आणि तो पिईपर्यंत कुणासाठीही उठायचं नाही. बास, एवढंच तिला हवं होतं.

साठावं वाक्य मात्र तिने पेनाने खोडून टाकलं होतं. "ग्युले ग्युले," क्रिस्टलने वाचलं होतं. "आंटी, हे कशाला कट केलं? इथे लिहिलंय, निघालेल्या माणसाला मागे राहणारे असं म्हणतात. हसत हसत जा. आणि त्याच्यामागे पाणी ओततात, म्हणजे तो पाण्यासारखा जातो आणि पाण्यासारखा परत येतो. सो स्वीट ना?"

"मागे राहणाऱ्यांचं वाक्य मला काय करायचंय? बावीस वर्षं सगळ्यांना टाटा करत आले मी. ह्या वेळी मी निघणार."

तर अशी ती प्रिसिला हातात फडकं घेऊन सहा नंबरपाशी उभी. शाबान उस्ता साठी उलटलेला, संगमरवर बसवणारा तुर्की कारागीर. उस्ता म्हणजे आपल्याकडचा मिस्त्री. तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये फरशी उतरवताना पडला आणि खुबा मोडला. कंपनीचा ड्रायव्हर त्याला आणून टाकून गेला तो गेलाच. सही घ्यायला कुठूनसा एक दुभाषी आला, अर्ध्या तासात पसार झाला. मोबाइलवर भाषांतर लावून पाहिलं, पण म्हाताऱ्याचं डोंगरातलं बोलणं मोबाइलला झेपेना. एकदा त्याने कळवळून काहीतरी सांगितलं, तर मोबाइल म्हणाला, बकरी कुठे बांधली? पाच दिवस त्या माणसाचं म्हणणं कुणाला कळलं नव्हतं. ट्रे नाही फेकणार तर काय करणार?

"मेरहबा," प्रिसिला म्हणाली. नमस्कार.

म्हाताऱ्याने मान इतक्या झटक्यात वळवली की तो वेदनेने ओरडला.

आता पुढे काय? ह्याला चहा हवा का, असं विचारायचं होतं. पण प्रवाशांच्या यादीत दुसऱ्याला विचारायचं वाक्यच नाही. "चाय इस्तियोरुम," ती म्हणाली, मला चहा हवा. उस्ता तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने बाजूच्या टेबलावरचा स्वतःचा निवलेला चहा उचलला आणि तिच्यापुढे धरला. घे, बाई.

ड्युटीवर पेशंटचा चहा प्यायचा नसतो, हे तिला काय सांगायला हवं? तरी प्रिसिलाने एक घोट घेतला. मग त्यानेही घेतला.

त्या दिवसापासून उस्ता तिचा झाला, म्हणजे सगळ्यांनी तो तिच्या गळ्यात मारला. दर चार तासांनी दुखणं किती, एक ते दहा, हे विचारून कागदावर लिहावं लागतं. ते कसं विचारायचं? प्रिसिलाने बाजारातलं वाक्य काढलं. खुब्याकडे बोट दाखवून विचारलं, "ने कादार?" कितीला?

उस्ता चमकला. मग डोळे मिटून म्हणाला, "ओन." दहा.

आणि प्रिसिलाच्या तोंडून यादीतलं पुढचं वाक्य सवयीने निसटलं. "चोक पहाली!" फार महाग!

मग म्हातारा हसायला लागला. हसताना खुबा दुखे, तो कळवळे आणि पुन्हा हसे. "सेकिझ," तो म्हणाला. आठ. प्रिसिलाने नाक मुरडलं आणि दुकान सोडून निघाल्यासारखी दोन पावलं मागे गेली. "येदी!" उस्ताने हाक मारली. सात. औषध चालू झाल्यावर सौदा पाचावर पटला. इक्रा सिस्टर दारात उभी राहून हे बघत होती. "या अल्ला," ती म्हणाली, "भिंडी ले रहे हो क्या दोनों?"

उस्ता जेवायला लागला. ऑपरेशन छातीतल्या कफामुळे एकदा लांबलं, साखर वाढली म्हणून दुसऱ्यांदा लांबलं, आणि नेमकं गुरुवारी सकाळी आठला ठरलं. गुरुवारी दुपारी बारा चाळीसला प्रिसिलाचं विमान होतं.

इक्रा सिस्टर बुधवारी आली ती साखर पेरतच. "प्रिसिला, सिर्फ दो दिन. दो दिन बाद चली जाओ. वो तुम्हारे बिना थिएटर में हंगामा करेगा."

"ग्रुपची तिकिटं असतात सिस्टर! दो दिन बाद मेरेको कौन लेके जाएगा?" मराठी-हिंदीची सरमिसळ झाली, आवाज चढला. "ट्वेंटी टू इयर्स मैंने कभी ना बोला? ईस्टर को बोला? क्रिसमस को बोला? इस बार ना. ना म्हणजे ना!"

इक्रा सिस्टरने तिच्याकडे नीट बघितलं, बहुधा बावीस वर्षांत पहिल्यांदाच. "ठीक है," ती म्हणाली. "जाओ. तुम्हारा हक है."

प्रिसिलाला वाटलं, आपण दोन फूट उंच झालो. त्याच ऐटीत ती उस्ताचा निरोप घ्यायला गेली. हाताचं विमान करून दाखवलं, म्हणाली, "इस्तंबूल!" उस्ताचा चेहरा उजळला. त्याने तिचा हात धरला, भराभर काहीबाही सांगितलं, समुद्र दाखवला, डोंगर दाखवले, खाण्यासारखं काहीतरी दाखवून बोटं चाटली. आणि मग मध्येच थांबला. उद्याचं ऑपरेशन त्याच्या लक्षात आलं असावं.

"यारन?" त्याने विचारलं. यारन म्हणजे उद्या. बस उद्या किती वाजता, ह्या वाक्यात तो शब्द होता. त्याने जमिनीकडे बोट केलं. इथे? उद्या तू इथे आहेस?

यादीत 'नाही'ला शब्द होता. तिला तो चांगला पाठ होता. अर्ध्या तासापूर्वी तिने तोच तर हिंदीत ठणकावला होता.

"एवेत," प्रिसिला म्हणाली. हो.

झालं! बाहेर पडली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःचा राग, म्हाताऱ्याचा राग, त्याच्या खुब्याचा राग. घरी बॅग तीनदा उघडली, तीनदा बंद केली. भुईगावहून एडवर्डचा फोन आला, "काय गो, भरली का बॅग? स्वेटर घे." तिने त्याच्यावरही खेकसून घेतलं. शेवटी हिशेब बसवला. सकाळी सातला हॉस्पिटलमध्ये जायचं, तोंड दाखवायचं, आठला तो थिएटरमध्ये गेला की टॅक्सी. दहाच्या आत एअरपोर्ट. शब्दही राहतो आणि विमानही मिळतं.

"आंटी, रिस्क आहे," क्रिस्टल म्हणाली.

"कसली रिस्क? इंशाल्ला म्हण आणि झोप."

गुरुवारी सातला ती बॅग ओढतच वॉर्डमध्ये आली. उस्ता हिरव्या गाऊनमध्ये लहान दिसत होता. आठ वाजले. थिएटरमध्ये अपघाताची केस आली, थांबा. साडेआठ. नऊ. क्रिस्टलचा फोन. साडेनऊ. "आंटी, व्हेअर आर यू? काउंटर ओपन झालं!" उस्ताने तिचा हात घट्ट धरलेला, आणि तळवा घामाने भिजलेला. त्याच्या ओठांची नुसती हालचाल होत होती.

दहाला पाच मिनिटं कमी असताना प्रिसिलाने हात सोडवून घेतला. त्याच्याकडे न बघता बॅगेचा दांडा ओढला आणि चालू लागली. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. आत कुणी नव्हतं. दार तिची वाट बघत उघडंच राहिलं, मग बंद झालं. ती बाहेरच होती.

कुणी तिला अडवलं नव्हतं. तिलाही ते नंतर कधी नीट सांगता आलं नाही. एवढंच की पाय निघेना.

ती परत आली, बॅग खाटेखाली सरकवली. "ने कादार?" तिने विचारलं.

"ओन," उस्ता म्हणाला, आणि ह्या वेळी त्याने हात खुब्यावर नाही, छातीवर ठेवला होता.

"चोक पहाली," प्रिसिला म्हणाली आणि रडू लागली. बाराला त्याला आत नेलं. बारा चाळीसला ती पँट्रीत उभी होती. तिथून विमान काही दिसत नाही. पण तिने खिडकीला तोंड लावून बघितलं, आणि ती इतकी रडली की कधी मेल्या माणसासाठीही तेवढी रडली नव्हती.

ग्रुप नऊ दिवसांनी परत आला. क्रिस्टलने तिच्यासाठी चहाचा ग्लास आणला, मध्ये कंबर असलेला, तळहाताएवढा. "बोटीवरचाच आहे आंटी. मी तिथल्या माणसाकडून मागून घेतला."

"छान आहे," प्रिसिला म्हणाली आणि कागदातून पूर्ण न काढताच तो पर्समध्ये ठेवला.

दोन दिवसांनी उस्ताला घरी पाठवायचं ठरलं. टाके सुकले होते, त्याचा पुतण्या तुर्कस्तानहून न्यायला आला होता. दुपारी त्याला स्ट्रेचरवरून खाली अ‍ॅम्ब्युलन्सपाशी आणलं. बाहेर असं ऊन की काँक्रीट पांढरं दिसत होतं. प्रिसिलाने शेवटचं विचारलं, "ने कादार?"

उस्ताने दोन्ही तळवे उघडून दाखवले. "बेदावा!"

तो शब्द तिच्या यादीत नव्हता. पुतण्याला थोडं इंग्लिश येत होतं. "फ्री," तो म्हणाला. "नो मनी."

दार लागलं. गाडी सुरू झाली. प्रिसिला धावतच आत गेली, पर्समधून ग्लास काढला, कागद फाडला, कूलरखाली भरला आणि सांडत सांडत बाहेर आली. गाडी वळायला लागली होती. मागच्या काचेतून उस्ताचं डोकं उशीवरून उचललेलं दिसत होतं. तिने सगळं पाणी गाडीच्या मागे ओतलं.

"ग्युले ग्युले!" ती ओरडली.

काचेला आतून एक पंजा टेकला आणि गाडी गेटबाहेर पडली.

"क्या गिरा सिस्टर?" गेटवरच्या गार्डने विचारलं.

"कुछ नहीं. पानी."

उन्हाने कडेकडेने ते पाणी खायला सुरुवात केली होती. वर वॉर्डमध्ये कुठल्या तरी खाटेची घंटा वाजत असणार, तिला ठाऊक होतं. पण काँक्रीटवरची ओल पूर्ण जाईपर्यंत ती रिकामा ग्लास धरून तिथेच उभी राहिली.