मराठीतला फोन

"शशीअंकल, एक लेडी आहे लाइनवर. फक्त मराठी बोलतो. तुम्ही घ्या ना."

अर्जुनने रिसीव्हर पुढे केला. इथेच, विलायतेत जन्मलेल्या या पोराच्या मराठीला शशिधर एरवी हसला असता. पण बाई म्हटल्यावर तो सावरून बसला. आशियाई समलिंगी लोकांसाठी चालवलेल्या त्या हेल्पलाइनवर मराठी फोन महिन्याकाठी एखादा यायचा, तोही पुरुषाचाच. मराठी येणारा स्वयंसेवक तो एकटा. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातला कारकून. चार वर्षं दर मंगळवारी काम सुटलं की या कम्युनिटी सेंटरमध्ये यायचा. हॅरोला घरी बायकोला, अक्षयाला सांगून ठेवलं होतं, ओव्हरटाइम असतो.

"नमस्कार. बोला, मी ऐकतोय."



"माझ्या मिस्टरांच्या कपाटात तुमचा कागद सापडला," बाई म्हणाली.

आवाज अक्षयाचा होता. हेल्पलाइनच्या त्या पत्रकातल्या मराठी ओळी त्यानेच लिहिल्या होत्या : संकोच करू नका, इथे तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही.

फोन ठेवून द्यावा असं वाटलं, पण ठेवला नाही. तिने ओळखलं होतं का, तेही कळेना. परक्या माणसाला ती 'तुम्ही'च म्हणायची, आणि नवऱ्यालाही.

"बावीस वर्षं झाली लग्नाला. भांडण नाही, मारहाण नाही. मला वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे. उपास केले, वजन उतरवलं, डॉक्टरांकडे जाऊन आले. इतकी वर्षं असं वाटू देतं का हो कुणी कुणाला?"

"यात तुमचा काही दोष नाही," तो म्हणाला. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं पहिलं वाक्य.

"हे मला घरी कुणी सांगितलं नाही. असे लोक लग्न का करतात?"

"घाबरतात. आईने मुलगी पसंत केलेली असते. वाटतं, लग्न झालं की सगळं सुरळीत होईल."

"आणि त्या मुलीचं?"

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं झालंय लग्न?"

"हो."

"बायकोला ठाऊक आहे?"

समोर अर्जुन बिस्किटांचा पुडा फोडत होता.

"आता आहे," शशिधर म्हणाला.

मग ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "अनुष्काची परीक्षा होऊ दे. मग केंब्रिजला तिच्या कॉलेजात जाऊन तुम्हीच सांगा तिला. आपल्या मुलीला हे मी नाही सांगणार."

फोन बंद झाला. प्रत्येक फोनची नोंद वहीत करायची असे. 'काय मदत केली' या रकान्यात त्याने लिहिलं, 'माहिती दिली', आणि कोट चढवला.

खिशात किल्ली असूनही त्याने घराची बेल वाजवली. अक्षयाने दार उघडलं.

"किल्ली विसरलात?"

"नाही."

ती बाजूला झाली. टेबलावर एकच ताट झाकून ठेवलेलं होतं. तिचं जेवण उरकलं होतं. त्या रात्री आणि पुढचे सहा दिवस ती भाजी, दूध, गॅसवाला यांच्यापलीकडे एक शब्द बोलली नाही. तो दोनदा बोलायला गेला. दोन्ही वेळा तिने नळ सोडला.

पुढच्या मंगळवारी तो कामावरून थेट घरी आला. ती इस्त्री करत होती. समोर त्याचेच शर्ट.

"आज गेला नाहीत?"

"नको वाटलं."

"जा," ती मान वर न करता म्हणाली. "परक्यांशी तरी खरं बोलता तिथे. इथे बसून मला काय देणार आहात?"

त्याने काढलेले बूट पुन्हा घातले. ती त्याच्यामागोमाग दारापर्यंत आली. तो बाहेर पडल्यावर दार लागलं आणि आतून साखळी सरकवल्याचा आवाज आला. शशिधर पायरीवर जरा वेळ उभा राहिला. मग कॉलर वर करून स्टेशनकडे चालू लागला.