'इन' म्हणजे नाही

तुमसरच्या एका राईस मिलमध्ये तेजराम मशिनींच्या देखभालीचं काम करी. सकाळी कामावर निघताना त्यानं मुलीला मोबाइलमधला फोटो दाखवला. रंगकामासाठी आलेल्या थिनरच्या ड्रमवर एक लांबलचक इंग्रजी शब्द छापलेला होता. अकरावीतल्या रुचितानं तो वाचला, इनफ्लेमेबल, आणि छातीठोकपणे अर्थ सांगितला. 'फ्लेम' म्हणजे ज्वाळा, 'इन' म्हणजे नाही. इनकम्प्लीट म्हणजे अपुरं, तसं हे न पेटणारं. तेजरामला लेकीचं कौतुक वाटलं.

दुपारी इंग्रजीच्या तासाला धनंजय सर फसवे शब्द समजावत होते. रुचितानं सहज आपला शब्द विचारला. सर म्हणाले, इथला 'इन' नकाराचा नाही. शब्द लॅटिनमधून आला, तिथे 'इन' म्हणजे 'आत'. ज्वाळेत घालणं, पेटवणं. इनफ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. लोक घोटाळा करतात, म्हणून हल्ली बहुधा नुसतं फ्लेमेबलच लिहितात.

रुचिताला सकाळचा ड्रम आठवला. आज मिलमध्ये वेल्डिंग होतं, बाबाच म्हणाले होते. सरांना विचारून ती बाहेर आली. बाबांना लावलेला फोन नुसता वाजत राहिला. कामाच्या वेळी तो डब्याच्या पिशवीत पडून असे. तिनं सायकल काढली. मिलच्या चिमणीचा रोजचाच धूर दिसला, तरी तिनं पायडल जोरात मारलं.

फाटकावरच्या चौकीदारानं हटकलं, ती थांबली नाही. आत शेडमध्ये ताराचंद वेल्डरच्या ठिणग्या उडत होत्या, आणि चार हातांवर थिनरचे ते दोन ड्रम. एकाचं झाकण उघडं. बाबा शिडी धरून उभे. मशिनींच्या आवाजात तिची हाक विरली. तिनं जाऊन त्यांचा दंडच धरला.

"बाबा, थांबवा. हे पेटते. मी चुकीचं सांगतलं."

तेजरामनं तिचा चेहरा पाहिला आणि हात वर केला. ठिणग्या थांबल्या. आधी झाकण घट्ट लावलं, मग तेजराम आणि ताराचंदनं ड्रम ओढत पार कुंपणापाशी नेले. ताराचंदचा घाम निथळत होता. न पेटणारा माल आहे असं कोणी सांगितलं होतं, त्यानं विचारलं.

"मीच सांगतलो. माही चुकी हाय," तेजराम म्हणाला.

"नाही काका, बाबाले मी सांगतलं होतं," रुचिता म्हणाली.

ताराचंद खाली बसून पाणी प्याला. तेजरामनं खडू आणला आणि दोन्ही ड्रमांवर मराठीत लिहिलं, 'पेटते. आग दूर ठेवा.'

"पाय बरं, बराबर हाय का?"

रुचितानं ते दोनदा वाचलं, मगच मान हलवली.