दर दहा पावलांवर

“तुझा म्हातारा परत अडकला बघ!” मास्तरने कंट्रोलर तिच्यासमोर टेबलावर आपटला.

मास्तर म्हणजे तिचा कॉलेजपासूनचा मित्र. कुणाचंही चित्र दिसलं की चुका काढायचा, म्हणून हे नाव. पाच वर्षं दोघं इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत एक साहसी व्हिडिओ गेम बनवत होती. चित्रं त्याची, प्रोग्रॅमिंग तिचं. गेममधली पोरगी तलवार घेऊन पडक्या शहरातून धावते, शत्रूंना लोळवते, आणि वाट दाखवायला बरोबर एक म्हातारा असतो. आज संध्याकाळी सहापर्यंत शेवटची प्रत पाठवायची होती. नंतर काही बदलता येणार नव्हतं.

“दहा पावलं चालतो, थांबतो, वर बघतो. खेळून पाहणाऱ्या तिघांनीही हेच लिहिलंय. दुरुस्त कर ना बाई!”

“ती चूक नाहीये.”

“मग बघतो काय तो? वर कोरी भिंत आहे. मीच रंगवलीय.”

तिने पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

तिचे वडील पोस्टमन. उभा जन्म पायपिटीत गेलेला, पण शेवटच्या वर्षी डॉक्टरकडे जाताना ते दर दहा पावलांवर थांबायचे आणि दुकानांच्या पाट्या वाचायचे. “हे दुकान नवीन दिसतंय गं,” म्हणायचे. दुकान वीस वर्षांचं जुनं, त्यांनीच तिथे हजार वेळा टपाल टाकलेलं! ही दहा हात पुढे, मोबाइलमध्ये डोकं खुपसून. “बाबा, चला ना! नंबर जाईल आपला.” “आलो, आलो,” म्हणत बिचारे पुन्हा चालू लागायचे. पाट्यांचं नुसतं निमित्त होतं, माणूस दम खात होता, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बाबा उरले नव्हते. एवढी हुशार म्हणवणारी पोर, पण अक्कल आली ती अशी उशिरा.

“दम खातोय रे तो,” ती म्हणाली. “पोरीला कळू नये म्हणून वर बघतो. माझे बाबा असेच थांबायचे.”

मास्तरने उगाचच चष्मा पुसला. “राहू दे मग त्याला,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण तो थांबला की पोरगी काय करते?”

“खेळणारा पळवेल तशी पळते.”

“आणि खेळणाऱ्याने बटण सोडलं तर?”

“उभी राहते. आहे तिथेच, पाठमोरी.”

बोलता बोलताच ते तिच्या वर्मी लागलं. तिने कीबोर्ड पुढे ओढला. मास्तरने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा गार झाला. पाच वाजून गेल्यावर तिने मान वर केली.

“झालं?”

“बघू.”

म्हातारा दहा पावलं चालला, थांबला, वर बघू लागला. तिचा अंगठा सवयीने बटणावरच होता; पोरगी पुढे निघून गेली. मग तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला. पोरगी थांबली, वळली, तलवार म्यान करून परत आली आणि म्हाताऱ्याशेजारी उभी राहून तीही कोऱ्या भिंतीकडे बघू लागली.

“हो बाबा,” ती पडद्याला म्हणाली, “नवीनच दिसतंय.”

मास्तरने घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा मिनिटं कमी होती, पण तोही पडद्याकडेच बघत राहिला. म्हातारा आपणहून चालू लागेपर्यंत तिने कंट्रोलरला हात लावला नाही.